वाचकांचे प्रश्न : पिशाच्च अंगात, पण पैसा नाही खिशात

भूतबाधेवरचा विनोदी भयपट कमी खर्चात कसा करावा, या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांतली परिस्थिती सारखीच आहे : पाच-सहा जणांचा गट, एक रिकामं घर, एक कॅमेरा, आणि एका पात्राला झपाटायचं आहे.

पंधरा मिनिटांच्या लघुपटाची पटकथा तयार आहे. वाचताना सगळे हसतात, पण भीती कुणालाच वाटत नाही. काय चुकत असेल?

पटकथा समोर नाही, तरी एक शंका आधी तपासून पाहा. तुमचं पिशाच्चच विनोद करतंय का? नव्या पटकथांत ही चूक फार दिसते. कोट्या करणारं पिशाच्च दोन मिनिटांत घरातला पाहुणा होऊन बसतं आणि मग त्याला कोणी भीत नाही. या प्रकारात पिशाच्च आपल्या कामाबाबत अत्यंत गंभीर असावं लागतं. हास्यास्पद असतात ती माणसं. समजा, झपाटलेली भाडेकरू घोगऱ्या आवाजात म्हणाली, "या देहाची मालकी आता माझी!" आणि घरमालकाने विचारलं, "मग भाडं कोणाकडून घ्यायचं?" इथवर ठीक आहे. यावर पिशाच्चाने चुरचुरीत उत्तर दिलं, की प्रसंग संपला. त्याने उत्तर न देता शांतपणे घरमालकाचं बोट मोडलं, तर प्रेक्षक हसता हसता थबकतो. तुम्हाला हवी ती जागा हीच.

दुसरी गोष्ट म्हणजे पिशाच्चाचे नियम. ते शरीरात कसं शिरतं, त्याला काय जमत नाही आणि ते बाहेर कसं पडतं, या तीन प्रश्नांची उत्तरं पहिल्या चार मिनिटांत प्रेक्षकाला मिळालेली असावीत. नियम ठरवताना खिशाकडेही बघा. 'पिशाच्च एका वेळी एकाच शरीरात राहतं आणि स्पर्शाने दुसऱ्यात जातं' या नियमाला एक पैशाचंही इफेक्टचं काम लागत नाही. प्रत्येक नटाला झपाटलेपण करायला मिळतं आणि आत्ता ते कोणात आहे, या एका प्रश्नावर भीती आणि विनोद दोन्ही चालतात. उलट 'ते भिंतीतून येतं' असं एकदा लिहून बसलात, की पुढचे दोन महिने संगणकापुढे जातात.

एक मात्र टाळा. फेफरं किंवा मनोविकार असलेल्या माणसाच्या हालचालींची नक्कल करून हशा मिळवू नका. झपाटलेल्या माणसाची हालचाल माणसाला न जमणारी वाटली पाहिजे, आजारी माणसासारखी नव्हे.

खोटं रक्त प्रत्येक वेळी सरबतासारखं गुलाबी दिसतं. प्रमाण सांगाल का?

गुलाबी दिसण्याचं कारण पारदर्शकता. पाक आणि लाल रंग एवढंच मिश्रण असेल तर प्रकाश त्याच्या आरपार जातो, मागच्या पांढऱ्या कापडावरून परततो आणि गुलाबी दिसतो. म्हणून मिश्रण थोडं गढूळ करावं लागतं आणि त्यासाठी कोको पावडर उत्तम. २०० मिली लिक्विड ग्लुकोज घ्या. ६० ते ८० मिली गरम पाण्यात आधी एक मोठा चमचा कोको पावडर गुठळ्या मोडून कालवा आणि मग ते ग्लुकोजमध्ये घाला. त्यात दोन छोटे चमचे खाण्याचा पातळ लाल रंग आणि निळ्या रंगाचे दोन ते तीन थेंब. निळा थेंब काळजीने टाका, कारण जास्त झाला की रक्ताची जांभळी शाई होते. ताजी जखम असेल तर कोको अर्धा करा, जुनी असेल तर दीडपट.

हे मिश्रण लवकर वाळत नाही. दिव्यांखाली तासभर ओलं दिसतं, त्यामुळे दोन शॉटमध्ये रक्ताचा रंग बदलला अशी तक्रार येत नाही. त्रास चिकटपणाचा आहे. कपडे अंगाला चिकटतात, मुंग्या येतात आणि गुळगुळीत फरशीवर माणूस हमखास घसरतो. नट ज्या वाटेने धावणार तिथे रक्त सांडू नका, ते कडेला सांडा आणि कॅमेऱ्याचा कोन असा धरा की वाट रक्ताळलेली वाटेल. त्वचेवर आधी व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला तर रंग कमी चढतो. तरी चढलाच तर दाढीचा फेस चोळून काढा. कपडे लगेच गार पाण्यात टाका. कपड्यांवर उडवायच्या रक्तात भांडी घासायच्या द्रवाचे काही थेंब घातले तर ते सहज धुतलं जातं, पण ते रक्त तोंडात किंवा डोळ्यांजवळ जाता कामा नये. म्हणून तोंडाच्या रक्ताची बाटली वेगळी आणि तिच्यावर ठळक चिठ्ठी.

किती लागतं? ओठांच्या कडेने ओघळायला १५ ते २० मिली पुरतात. एक माणूस डोक्यापासून छातीपर्यंत भिजवायचा तर लिटर-दीड लिटर. पण खरा खर्च रक्ताचा नसून वेळेचा असतो. माणूस पुसा, कपडे बदला, भिंत धुवा, यात पाऊण तास सहज जातो. म्हणून रक्ताचे शॉट दिवसाच्या शेवटी, आणि भिजणाऱ्या पात्राच्या कपड्यांचे किमान तीन जोड.

रंगीत दिव्यांचा एक सापळा इथेच सांगून ठेवतो. फक्त लाल उजेड असेल तर पांढऱ्या सदऱ्यावरचं लाल रक्त जवळजवळ दिसेनासं होतं, कारण त्या उजेडात पांढरं आणि लाल सारखंच उजळतं. निळ्या किंवा हिरव्या उजेडात तेच रक्त डांबरासारखं काळं दिसतं. कोणताही रंगीत दिवा वापरण्याआधी त्याखाली एक थेंब टाकून कॅमेऱ्यातून बघा, डोळ्यांनी नको.

झपाटलेल्या मुलीने मांत्रिकाच्या अंगावर ओकायचं आहे. तोंडात साठवलं तर फार कमी येतं.

येणारच. तोंडात घशाशी न येता ५० मिलीच्या आसपासच मावतं आणि तेवढ्यात गंमत येत नाही. शॉट दोन तुकड्यांत घ्या. पहिल्यात मुलगी समोरून, गाल फुगलेले, तोंडातलं थोडंसं ओठांबाहेर. दुसऱ्यात ती बाजूने, आणि कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या गालावरून आलेली नळी ओठांच्या कोपऱ्याशी टेपने चिकटवलेली. नळी आतून किमान ८ ते १० मिलिमीटर रुंद हवी, नाहीतर दाणेदार मिश्रण अडकतं आणि दाब वाढून जोडातून सुटतं. ६० मिलीची सिरिंज छोट्या उलटीला चालते. मोठ्या धारेला हातपंपाचा स्प्रे किंवा दाबायची मोठी बाटली लागते.

मिश्रणासाठी शिजवलेले ओट्स मिक्सरमधून अर्धवट फिरवा, पाण्याने पातळ करा आणि खाण्याचा हिरवा रंग घाला. १९७३ च्या 'द एक्सॉर्सिस्ट'मध्ये वाटाण्याचं सूप वापरलं होतं, तेही चालतं. मिश्रण कोमट ठेवा. गार धार तोंडावर आली की नट दचकतो आणि ते दचकणं भलत्या फ्रेममध्ये दिसतं. दोन्ही नटांना कोणत्या पदार्थाची ॲलर्जी आहे, हे आधी विचारा.

आणि हशा ओकण्यात नसतो. तो मांत्रिकाच्या चेहऱ्यावर, त्याने चष्मा पुसून पुढचा मंत्र सुरू करण्यात असतो. तो शॉट कापू नका.

पात्र हवेत तरंगताना दाखवायचं आहे. स्टुलावर झोपलेल्या नटाचा आणि रिकाम्या खोलीचा, असे दोन शॉट एकावर एक ठेवले, पण कडा थरथरते आणि माणूस चिकटवल्यासारखा दिसतो.

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

कडा थरथरते म्हणजे दोन शॉटमध्ये कॅमेरा हलला किंवा त्याने स्वतःच काहीतरी बदललं. ट्रायपॉडला वजन टांगा. एक्स्पोजर (चित्र किती उजळ), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेरा कोणत्या उजेडाला पांढरं धरतो ते) तिन्ही हाताने ठरवून कुलूपबंद करा. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बंद करा. ते विसरलं जातं आणि नेमकं तेच चित्र केसभर सरकवतं. खिडकीतून ऊन येत असेल तर खिडकी झाका, नाहीतर दोन टेकच्या मधे ढग येतो आणि रिकाम्या खोलीचा रंगच बदलतो. कॅमेरा हलल्याचा भास हवाच असेल तर ४के मध्ये, म्हणजे दुप्पट लांबी-रुंदीच्या चित्रात, शूट करा आणि १०८० मध्ये काढताना संकलनात हळूहळू जवळ जा. दुपटीपर्यंत मोकळीक मिळते.

आता चिकटवल्यासारखं का दिसतं ते. माणूस स्टुलावर झोपलेला असतो आणि शरीर खरं बोलतं. पाठीखालचं कापड दबलेलं दिसतं, केस स्टुलावर पसरलेले, पोटऱ्या सैल. एकाऐवजी दोन अरुंद स्टुलं वापरा, एक खांद्यांच्या मागच्या हाडांखाली आणि दुसरं मांड्यांखाली. डोकं कडेच्या बाहेर राहू द्या, म्हणजे केस सरळ खाली लोंबतात. लांब झगा कॅमेऱ्याच्या बाजूला सोडला की स्टुलाचा वरचा अर्धा भाग आपोआप झाकला जातो आणि मास्कने, म्हणजे संगणकावर चित्राचा तेवढा भाग कापून, फक्त खालचे पाय पुसावे लागतात. मग नट आणि स्टुलं बाजूला काढून रिकाम्या जागेचा शॉट घ्या, निदान दहा सेकंद.

सावलीचा प्रश्न यातला सगळ्यात चिवट. स्टुलाबरोबर सावलीही पुसली तर माणूस कागदाच्या तुकड्यासारखा दिसतो, आणि ठेवली तर स्टुलाचे पाय सावलीत उभे. उपाय दिव्यातच आहे. दिव्यापुढे पांढरी चादर ताणून उजेड मऊ करा. मग सावली एक पसरट डाग होते, त्यात पाय वेगळे ओळखू येत नाहीत आणि तो डाग तसाच ठेवता येतो. हे सगळं पलंगावर करू नका. स्टुलांनी गादी दबते आणि रिकाम्या शॉटमध्ये ती सपाट असते. जमिनीवर करा, आणि डोक्याखाली, चौकटीबाहेर, कोणीतरी हात धरून बसलेला असू द्या.

संगणकाचं काम नकोच असेल तर तेही जमतं. नटाला जाड फळीच्या टोकावर उभं करा, चौकट गुडघ्यांच्या वर ठेवा आणि दोघांनी फळी हळूहळू तीसेक सेंटिमीटर उचलावी. मग वेगळा शॉट : आडव्या बारला लोंबकळणाऱ्या नटाचे पाय, बोटं खाली झुकलेली. मधे बघणाऱ्याचा चेहरा. विनोदी प्रसंगाला हीच पद्धत जास्त शोभते, कारण वर जाताना नटाचं डोकं छताला लागणं यात खरोखर दाखवता येतं.

मान पूर्ण मागे वळवायची आहे. डमी परवडत नाही.

सदरा उलटा घाला. बटणं पाठीवर, पाठ छातीवर. नट कॅमेऱ्याकडे तोंड करून बसला की पाठमोऱ्या धडावर चेहरा असल्यासारखं दिसतं. हात लपवणं मात्र अत्यावश्यक, कारण कोपर कुठे वळतं हे प्रेक्षकाला न सांगता कळतं. पांघरूण मानेपर्यंत घ्या किंवा हात बांधलेले दाखवा. क्रम असा : साधा सदरा घातलेला पाठमोरा नट मान खांद्यापर्यंत वळवतो, मांत्रिकाचा चेहरा, एक सेकंद, मग उलट्या सदऱ्यातला नट, खांद्यापासून कॅमेऱ्यापर्यंत मान आणतो. मणक्यांच्या आवाजासाठी सेलरी या कुरकुरीत भाजीचे दांडे माइकजवळ मोडा. आवाज नीट जमला तर चित्रातली निम्मी लबाडी झाकली जाते.

पांढऱ्या डोळ्यांच्या लेन्स ऑनलाइन मिळतात. घ्याव्यात का?

तपासणीशिवाय नकोत. बुबुळ झाकणाऱ्या लेन्समधून दिसतं कमी, आणि न बसणारी लेन्स कॉर्नियाला, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याला, ओरखडे पाडते. वापरायच्याच असतील तर नेत्रतज्ज्ञाकडून मापाने घ्याव्यात, दोघांत एक जोड वापरू नये, नळाचं पाणी लावू नये आणि त्या घालून जिना किंवा मारामारीचा शॉट घेऊ नये.

खरं तर गरजही क्वचित पडते. डोळे जिवंत दिसतात ते बुबुळावरच्या प्रकाशाच्या ठिपक्यामुळे. दिवा डोक्याच्या बरोबर वर नेला की भुवयांची सावली खोबणीत पडते, ठिपका जातो आणि चेहरा कवटीसारखा होतो. पांढरे डोळे दोन-तीनच शॉटमध्ये हवे असतील तर चेहरा स्थिर ठेवून ते संकलनात रंगवा. आणि अगदीच टवाळ चित्रपट असेल तर मिटलेल्या पापण्यांवर डोळे रंगवा. ते इतकं उघड खोटं असतं की मुद्दाम केलंय हे कळतं आणि चालून जातं. फसतं ते अर्धवट खरं.

पिशाच्चाचा आवाज ॲपमध्ये खाली आणला, तर रोबोसारखा येतो आणि शब्दच कळत नाहीत.

आवाज किती खाली आणला हे लिहिलेलं नाही, पण पाच सेमीटोनच्या (पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) पलीकडे गेलं की साधं पिच-शिफ्ट, म्हणजे वेग न बदलता आवाज खाली आणणं, खरखरायला लागतं. त्याऐवजी टेपची जुनी पद्धत वापरा, वेग कमी करून आवाज खाली आणायची. वेग ८० टक्के केला की आवाज सुमारे चार सेमीटोन खाली येतो आणि घसा मोठा असल्यासारखा वाटतो. मात्र चार सेकंदांचं वाक्य पाच सेकंदांचं होतं. म्हणून डबिंग करताना नटाने ओठांच्या हालचालीपेक्षा पाचव्या हिश्श्याने कमी वेळात वाक्य म्हणायचं. दोन-तीन तालमींत हे जमतं.

मग थर लावा. मुख्य थर हा खाली आणलेला पण स्वच्छ आवाज. त्याखाली ८ ते १० डेसिबल हळू, नटाचा मूळ आवाज. तिसरा थर तेच वाक्य कुजबुजत म्हटलेलं, आणखी हळू. व्यंजनं कुजबुजीत ठळक असतात, त्यामुळे शब्द कळायला तिचीच मदत होते. प्रतिध्वनी सगळ्यात शेवटी आणि थोडा. विनोदी संवादाचा शेवटचा शब्द प्रतिध्वनीत बुडाला तर हशा गेला म्हणून समजा.

शक्य असेल तर आवाज दुसऱ्याच व्यक्तीचा घ्या. 'द एक्सॉर्सिस्ट'मध्ये झपाटलेल्या मुलीचं काम करणाऱ्या लिंडा ब्लेअरच्या तोंडी पिशाच्चाचा आवाज मर्सिडीज मॅककेम्ब्रिज या अभिनेत्रीने दिला होता. अनुभवी घशातून आलेल्या आवाजाशी ॲपला स्पर्धा करता येत नाही.

पिशाच्चाच्या नजरेतून धावता कॅमेरा हवा आहे. कॅमेरा स्थिर धरणारं गिंबल नाही.

लांब लाकडी फळीच्या मधोमध कॅमेरा घट्ट बसवा आणि दोघांनी दोन टोकं धरून पळा. १९८१ च्या 'द ईव्हिल डेड'मधले ते प्रसिद्ध शॉट याच युक्तीने घेतले होते. फळी लांब असली की एका हाताचा हिसका मधे पोचेपर्यंत मंदावतो. लेन्स वाइड ठेवा आणि कॅमेरा जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर. जमीन जवळून धावली की वेग दुप्पट वाटतो. कॅमेऱ्याला फळीशी बांधणारी एक जादा दोरी असू द्या, स्क्रूवर विसंबू नका.

रात्रीचे सीन दाणेदार आले आहेत. वाचवता येतील का?

दाणे पुसणाऱ्या डिनॉइजने थोडे वाचतील, पण चेहरे मेणासारखे होतील. पुढच्या वेळी काळोख अंधारात शूट करू नका. उजेड भरपूर घ्या आणि ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर संगणकावर रंग-उजेड ठरवताना, खाली आणा. खिडकीबाहेर ५६०० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा) एक दिवा ठेवून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० वर (पिवळ्या दिव्यासाठीचा) केला की चांदण्याची निळाई फुकट मिळते. चेहरा सामान्य एक्स्पोजरपेक्षा दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली चालतो, फक्त मागे कुठेतरी एक उजळ गोष्ट हवी : टेबललॅम्प किंवा उघड्या दाराची फट. डोळ्याला तुलना मिळाली की बाकीचं काळं वाटतं. दिवे लुकलुकत असतील तर शटरचा वेग विजेच्या वारंवारतेशी जुळवा. ५० हर्ट्झला १/५० किंवा १/१०० सेकंद, ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२० सेकंद.

धुक्यासाठी ड्राय आइस वापरणार आहोत. खोली लहान आहे.

लहान बंद खोलीत वापरू नका. ड्राय आइस म्हणजे उणे ७८.५ अंशांवरचा घन कार्बन डायऑक्साइड. त्याचा वायू हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो आणि ऑक्सिजनची जागा घेतो. तुमच्या प्रसंगात जमिनीवर कोण पडलेलं असणार? झपाटलेला नट. फॉग मशिनचा धूर बर्फाच्या पेटीतून नळीने खेळवला तर तोही जमिनीवर रेंगाळतो. तरी दारं मधूनमधून उघडा, आणि धूर सोडण्याआधी इमारतीतल्या लोकांना सांगा, नाहीतर अलार्म वाजेल.

संकलनात अडकलो आहोत. दचकवणारा शॉट आणि त्यानंतरचा विनोद, दोन्ही एकमेकांना मारतात.

मधली जागा मोजून पाहा. दचकवण्याआधी दीड-दोन सेकंद शांतता लागते, आणि शांतता म्हणजे खोलीचा आवाज, निव्वळ शून्य नव्हे. ध्वनिपट एकदम कोरा झाला की प्रेक्षक सावध होतो. दचकल्यानंतर माणूस श्वास सोडतो आणि त्या श्वासावर आलेला विनोद सगळ्यात मोठा वाजतो. तो लगेच आला तर ओरडण्यात बुडतो, तीन सेकंदांनी आला तर थंड पडतो. एक ते दीड सेकंदापासून सुरुवात करा आणि मग चार-चार फ्रेमनी मागेपुढे सरकवा. हशाच्या मागोमाग कथेला लागणारं वाक्य ठेवू नका, कोणाला ऐकू जाणार नाही.

चौकटीचाही विचार करा. भीतीला जवळचा शॉट लागतो, कारण चौकटीबाहेर काय आहे ते दिसत नाही. विनोदाला लांबचा, कारण मूर्खपणा पूर्ण शरीरासकट दिसावा लागतो. तुमच्या प्रसंगात पिशाच्च आणि विनोद दोन्ही क्लोजअपमध्ये घेतले असतील, तर कात्री कितीही चालवा, तो हसवणार नाही. तेवढा एक लांबचा शॉट पुन्हा घ्या. तीन-चार अनोळखी माणसांना कच्चं संकलन दाखवा आणि पडद्याकडे नव्हे, त्यांच्याकडे बघत बसा.

खुर्ची आपोआप सरकवायची आहे. दोरा दिसतो, आणि खुर्ची हिसका देऊन सुटते.

हिसका नायलॉनच्या ताणामुळे येतो. दोरा आधी रबरासारखा लांबतो आणि मग खुर्ची एकदम सुटते. मासेमारीचा विणलेला, न ताणणारा दोरा घ्या आणि खुर्चीच्या पायांखाली फेल्टच्या चकत्या लावा. दोरा पायाला अगदी खाली बांधा, वर बांधला तर खुर्ची सरकण्याऐवजी कलते. चमक जावी म्हणून त्यावर काळा मार्कर फिरवा आणि मागून येणारा दिवा बंद ठेवा. दोरा कॅमेऱ्याच्या दिशेने, लेन्सच्या खालून बाहेर काढला तर तो टोकावरून दिसतो, म्हणजे जवळजवळ दिसतच नाही. ओढणाऱ्याला खुर्ची दिसत नसेल तर त्याच्यासमोर मॉनिटर ठेवा.